पुराच्या पाण्यात बुडालेला कॉम्प्युटर : चालू करायच्या आधी हे वाचा

(तालुका वार्ताहर)

पाऊस सुरू झाला की नदीकाठच्या गावांत जनावरं कुठं हलवायची, धान्य कुठं ठेवायचं, ट्रॅक्टर कुणाच्या माळावर न्यायचा याची चर्चा होते. कॉम्प्युटरची चर्चा कुणी करत नाही. पण आज गावाचा निम्मा कारभार त्या डब्यात आहे. दूध संस्थेत कुणाचं किती लिटर, किती फॅट आणि दहा दिवसांचं बिल किती, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये. पतसंस्थेची खाती, विकास सोसायटीचं येणं-देणं, ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेतली पोरांची माहिती, खत दुकानदाराची उधारी हेसुद्धा त्यातच. तो डबा पाण्यात गेला तर वीस-पंचवीस हजारांचं यंत्र जातं, त्याचं दुःख एवढं नाही. आत अडकलेला हिशेब गेला की गावात भांडणं लागतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथं धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, तिथंही पाणी ५५ फुटांच्या वर चढलं. शिरोळ, पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतल्या कित्येक गावांत पाणी आठवडाभर हललं नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तीच गत झाली, आणि त्याच वेळी कोकणात वाशिष्ठीनं चिपळूण आणि सावित्रीनं महाड बुडवलं. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला जो ढीग पडतो, त्यात कॉम्प्युटर, प्रिंटर, इन्व्हर्टर असतातच. त्यातले सगळे मेलेले असतात असं नाही. बरेचसे पाण्यानं न मरता पाणी उतरल्यावरच्या गडबडीनं मरतात. म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे इथं एका जागी दिलं आहे. कात्रणासारखं जपून ठेवा.

पाण्यानं नेमकं काय होतं?

निव्वळ पाणी विजेचं फार चांगलं वाहक नाही. कॉम्प्युटर बंद असताना आणि त्यात कुठलीच बॅटरी नसताना तो स्वच्छ पाण्यात भिजला, तर बोर्डावरचे बहुतेक भाग वाळल्यावर चालतात. कारखान्यातसुद्धा सोल्डरिंग झाल्यावर बोर्ड धुतले जातात. मग बिघडतं कुठं?

पहिलं कारण वीज. ओल्या बोर्डात करंट आला की जिथं जायला नको तिथं तो जातो आणि चिप जळते. जळाली नाही तरी दुसरी गोष्ट चालू होते. दोन तारांमध्ये पाणी आणि वीज एकत्र आली की तांबं विरघळून एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकायला लागतं. बोर्डावरच्या रेषा केसाएवढ्या बारीक असतात. त्या काही तासांत खाल्ल्या जातात, हिरवट-पांढरा थर धरतो.

दुसरं कारण पाण्यातली घाण. पुराचं पाणी म्हणजे माती, शेतातली खतं, गटार, डिझेल, सगळं एकत्र. कोकणात खाडीच्या बाजूला त्यात मीठही असतं. पाणी उडून जातं, पण क्षार आणि माती मागं राहते. ही माती हवेतला दमटपणा धरून ठेवते, आणि वरून वाळलेला दिसणारा बोर्ड आतल्या आत गंजत राहतो. म्हणून नुसतं वाळवून काम भागत नाही. आधी धुवायचं, मग वाळवायचं, हा क्रम डोक्यात पक्का ठेवा.

सगळ्यात आधी जीव

पूर ओसरलेल्या खोलीत शिरताना कॉम्प्युटरकडं धावू नका. पुढच्या गोष्टी बघा.

मेन स्विच बंद आहे का ते बघा. मीटरचा बोर्ड पाण्यात गेला असेल, जमीन ओली असेल, तर स्वतः हात लावू नका. वायरमनला बोलवा किंवा महावितरणच्या १९१२ या नंबरवर कळवा. गावातली लाईट गेली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. शेजाऱ्यानं जनरेटर उलटा जोडला असेल तर तारेत करंट येऊ शकतो.

यूपीएस आणि इन्व्हर्टर हे वेगळं प्रकरण आहे. मेन बंद केला तरी त्यांच्या आत बॅटरी असते, आणि ती २३० व्होल्टचा झटका द्यायला पुरेशी असते. पाण्यात गेलेल्या यूपीएसचं बटण दाबून बघू नका. रबरी हातमोजे आणि बूट घालून, जाणकार माणसाकडून बॅटरीच्या वायरी सोडवून घ्या. मोठ्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत तेजाब असतं, ते पाण्यात मिसळलेलं असू शकतं.

पॉवर सप्लाय, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, तो उघडू नका. त्यातले मोठे कपॅसिटर वीज काढल्यावरही काही काळ करंट धरून असतात. जुना जाड डब्याचा मॉनिटर तर उघडायचाच नाही.

आणखी एक. पुरानंतर कॅबिनेटमध्ये साप, विंचू, गोम सापडणं ही आपल्याकडं नवी गोष्ट नाही. काठीनं ठोकून, टॉर्च मारून मगच हात घाला. हातापायाला जखम असेल तर पुराच्या पाण्याचा संपर्क टाळा, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

फोटो आणि पंचनामा

वस्तू जागेवरून हलवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. खोलीचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा, प्रत्येक यंत्राचा, आणि मागच्या बाजूला असलेल्या सीरियल नंबरच्या स्टिकरचा. ओलं स्टिकर दोन दिवसांत सुटून येतं, मग नंबर सापडत नाही.

विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत कुठलीही वस्तू टाकून देऊ नका. नुकसान वाढू नये म्हणून धुणं-वाळवणं करणार आहोत, हेही त्यांना सांगून ठेवा. सरकारी पंचनाम्यासाठी तलाठी, ग्रामसेवक यांना यादी द्या. ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा कॉम्प्युटर असेल तर तो डेडस्टॉक रजिस्टरला लागलेला असतो. वरिष्ठांना कळवल्याशिवाय तो भंगारवाल्याला देऊ नका, पुढं निर्लेखनाच्या वेळी अडचण येते.

चालू करून बघू नका

ही बातमी वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पूर ओसरल्यावर दोन दिवसांनी लाईट येते. कुणीतरी म्हणतं, वाळलाय बहुतेक, लावून बघू. बटण दाबलं जातं, पंखा फिरतो, एक वास येतो आणि खेळ संपतो. जो बोर्ड धुऊन वाचला असता तो त्या दहा सेकंदांत जातो. हार्ड डिस्कचंही तसंच होतं.

नुसतं बंद असून चालत नाही, प्लगही काढलेला पाहिजे. कॉम्प्युटर बंद दिसत असला तरी प्लगला वीज असेल तर एसएमपीएसमधून बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय करंट चालूच असतो.

मग बॅटऱ्या काढा. डेस्कटॉपच्या मदरबोर्डावर एक रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, त्याला सीआर २०३२ म्हणतात. तो फक्त ३ व्होल्टचा असतो, पण ओल्या बोर्डावर गंज चालू ठेवायला तेवढा पुरतो. नखानं किंवा लाकडी काडीनं क्लिप ढकलून तो काढा. लॅपटॉपची बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर लगेच काढा. नवीन लॅपटॉपमध्ये ती आत असते, मागचे स्क्रू काढून तिची पिन सोडवावी लागते. सवय नसेल तर दुकानात न्या, पण त्याच दिवशी न्या.

पाण्यात गेलेली लिथियम बॅटरी पुन्हा वापरायची नाही. ती चार्ज करायची नाही, उन्हात किंवा गरम पेटीत वाळवायची नाही. फुगलेली असेल तर तिच्यावर दाब देऊ नका, टोचू नका. घराबाहेर, गवत-कडब्यापासून लांब, वाळूच्या बादलीत ठेवा. आत साठलेल्या ताकदीनं तिला दोन-चार दिवसांनीही आग लागू शकते.

हार्ड डिस्क : इथं नियम उलटा

आपला हिशेब जिच्यात असतो ती हार्ड डिस्क. तिच्याबाबत बाकीचे नियम लावू नका.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये आरशासारखी गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांनी फिरते. तिच्यावरून वाचणारं हेड फक्त काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. बहुतेक हार्ड डिस्कना हवेचा दाब सारखा ठेवायला एक बारीक भोक असतं, त्यावर लिहिलेलं असतं की हे झाकू नका. डिस्क पाण्यात बुडाली की त्या भोकातून गढूळ पाणी आत जाऊ शकतं. अशी डिस्क चालू केली की मातीचा कण हेड आणि तबकडीच्या मध्ये येतो आणि तबकडी खरवडली जाते. खरवडलेला भाग पुन्हा कुणालाच वाचता येत नाही.

म्हणून आतला हिशेब महत्त्वाचा असेल आणि दुसरीकडं त्याची कॉपी नसेल, तर डिस्क उघडू नका, हलवून पाणी झाडू नका, आणि ती वाळवूही नका. आतली माती वाळली की तबकडीला चिकटून बसते. डिस्क ओलीच, ओलसर कापडाच्या किंवा स्पंजाच्या तुकड्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा. वर संस्थेचं नाव आणि तारीख लिहा. मग डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडं न्या. अशा सोयी पुण्या-मुंबईत आहेत. तिथं धूळमुक्त खोलीत डिस्क उघडून तबकड्या साफ करतात. खर्च येतो, म्हणून आधी लेखी अंदाज मागा आणि समितीच्या ठरावात घ्या.

हे खरंच होतं का, असं कुणी विचारेल. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया अंतराळयान पृथ्वीवर परत येताना हवेत फुटलं. त्यात कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. त्याच्या अवशेषांत प्रयोगाची माहिती असलेली एक जळालेली हार्ड डिस्क सापडली. तिच्यातली जवळजवळ ९९ टक्के माहिती तज्ज्ञांनी परत काढली. तिला कुणी मध्येच लावून बघितलं नव्हतं, हे महत्त्वाचं. डब्याची अवस्था बघून हिशेब गेला असं समजू नका.

नवीन एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांत फिरणारा भाग नसतो. ती धुऊन वाळवली की बऱ्याचदा चालतात. महत्त्वाचा हिशेब असेल तर मात्र तीसुद्धा जाणकाराकडूनच लावून घ्या.

धुवायचं कसं?

जितक्या लवकर तितकं बरं, पहिल्या एक-दोन दिवसांत शक्यतो. चिखल ओला असतानाच निघतो. वाळलेला चिखल चिपच्या पायांत सिमेंटसारखा बसतो.

१. कॅबिनेट उघडा. उघडायच्या आधी आणि प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. कुठली वायर कुठं होती हे नंतर आठवत नाही.

२. रॅम, कार्ड, पंखे, वायरी सुट्या करा. स्क्रू वाट्यांमध्ये वेगवेगळे ठेवा. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा काढता येत असेल तर काढा, त्याच्याखाली चिखल साठतो. परत बसवताना थर्मल पेस्ट नवीन लावावी लागते. प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिना नाजूक असतात, तिथं ब्रश घालू नका.

३. बोर्ड आधी साध्या स्वच्छ पाण्यानं हळू धारेखाली धुवा. प्रेशर पंप, फवारणीचा पंप मारू नका. मऊ दातांच्या ब्रशनं चिखल काढा. डिझेल-तेल लागलं असेल तर थोडं भांड्याचं सौम्य लिक्विड चालेल, पण ते पूर्ण निघालं पाहिजे.

४. इथं थांबू नका. आपल्याकडं बोअरचं पाणी जड आहे, ते वाळलं की पांढरे डाग उरतात. दुसरं धुणं डिस्टिल्ड पाण्यानं करा. बॅटरीत घालायचं पाणी म्हणून बॅटरीच्या दुकानात ते कॅनमध्ये मिळतं. ते मिळेपर्यंत गावातल्या आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं. कोकणात खाडीचं पाणी लागलं असेल तर हे धुणं दोन-तीन वेळा करा.

५. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला मोबाइल दुरुस्तीवाले आयपीए म्हणतात. ९९ टक्क्यांचं घ्या. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात. हे अल्कोहोल चिपखाली अडकलेल्या पाण्यात मिसळतं आणि त्याला घेऊन उडून जातं. ब्रशनं लावा, हिरवा-पांढरा थर दिसेल तिथं हलकं घासा. ते पेट्रोलसारखं पेट घेतं. दार-खिडकी उघडी ठेवा, जवळ चूल, बिडी, उदबत्ती काही नको.

सोल्डर किंवा कार्डाच्या सोनेरी पट्टीवर पॉलिश पेपर घासू नका. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, तो निघाला की संपलं.

वाळवायचं कसं?

तांदळाच्या पिंपात ठेवायचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. त्याचा उपयोग नाही. तांदूळ चिपखालचं पाणी ओढत नाही, उलट त्याची पावडर आणि बारीक कण सॉकेटमध्ये जातात. तांदूळही वाया, कॉम्प्युटरही वाया.

हेअर ड्रायरही नको. एका जागी फार गरम होतं आणि जोराची हवा पाणी आणखी आत ढकलते. कंप्रेसरची हवा मारायची झाली तर कमी दाबानं आणि लांबून, कारण कंप्रेसरच्या हवेत तेल-पाणी असतं.

आपली खरी अडचण वेगळी आहे. पूर पावसाळ्यातच येतो आणि तेव्हा हवाच ओली असते. ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत नुसता पंखा लावून बोर्ड नीट वाळत नाही. उपाय म्हणजे हवा थोडी गरम करणं. २८ अंशांची ९० टक्के दमट हवा ४५ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता साधारण ३५ टक्क्यांवर येते. अशी हवा बोर्डातून पाणी ओढून घेते.

पोल्ट्रीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला आपण बल्बचा ब्रूडर करतो, तसाच हा प्रकार. जुनं लोखंडी कपाट किंवा पत्र्याची मोठी पेटी घ्या. खाली एका बाजूला ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, सगळ्यापासून हातभर लांब. एलईडी बल्ब गरम होत नाही, तो इथं कामाचा नाही. वर आणि खाली फट ठेवा म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. बंद डब्यात नुसती वाफ कोंडते. बोर्ड उभे ठेवा, पाणी निथळलं पाहिजे. आत थर्मामीटर ठेवा, ४५ ते ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पुठ्ठ्याचं खोकं, थर्माकोल, कापड वापरू नका. अल्कोहोल लावलं असेल तर ते मोकळ्या हवेत पूर्ण उडाल्यावर, वास गेल्यावरच बोर्ड पेटीत ठेवा. माणूस जवळ नसताना बल्ब चालू ठेवू नका.

लाईटच नसेल तर? सकाळचं कोवळं ऊन आणि वारा वापरा. बोर्ड, की-बोर्ड, वायरी पातळ कापडाखाली उभ्या ठेवल्या तर चालतात. मॉनिटर, लॅपटॉपचा पडदा आणि बॅटरी उन्हात नको.

किती दिवस? धुतलेल्या बोर्डाला गरम पेटीत कमीत कमी २ ते ३ दिवस. नुसत्या हवेवर आठवडा धरा. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, स्लॉट यांत पाणी लपून राहतं. वाट बघायला पैसे लागत नाहीत.

काय वाचतं, काय नाही

मदरबोर्ड, रॅम, कार्ड : बॅटरी वेळेत काढली आणि नीट धुतलं तर आशा चांगली.

एसएमपीएस : वाचवायच्या भानगडीत पडू नका, नवीन घ्या. तो स्वस्त आहे. त्याच्यात चिखल राहिला तर बाकीचं सगळं घेऊन जातो, आगही लागू शकते.

की-बोर्ड, माउस : धुऊन वाळवले की बरेचदा चालतात. नाही चालले तर नवीन.

एलसीडी मॉनिटर : पडद्याच्या पदरांत पाणी गेलं की डाग राहतात. काम चालतं, पण जुन्या मॉनिटरमध्ये दिव्यासाठी जास्त व्होल्टेज असतं, म्हणून तपासणी दुकानातच.

प्रिंटर : लेझर प्रिंटर बुडाला असेल तर दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा परवडत नाही. डॉट मॅट्रिक्स दणकट असतो, साफ करून बऱ्याचदा उठतो.

यूपीएस, इन्व्हर्टर, एक्स्टेंशन बोर्ड : एक्स्टेंशन बोर्ड फेकून द्या. बाकीचे कंपनीच्या माणसाला दाखवल्याशिवाय जोडू नका.

दुधाचं फॅट मशीन, वजनकाटा : त्यांनाही वरचेच नियम. पण दुरुस्तीनंतर काट्याची वैधमापनकडून पडताळणी करून घ्या, नाहीतर मापावरून वाद होतो.

पहिल्यांदा चालू करताना

हे काम जाणकार माणसानं करावं. आपल्याला क्रम माहीत असावा, म्हणजे दुकानदाराला विचारता येतं. आधी खोलीचं वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्यायचं. नवीन एसएमपीएस, नवीन सेल. हार्ड डिस्क जोडायची नाही. बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम एवढंच लावून बघायचं. गावातले इलेक्ट्रिशियन संशयाचं यंत्र आधी सिरीज बल्बवर लावतात, ती चांगली पद्धत आहे. कुठं शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचतं.

सगळं ठीक चाललं तर पाण्यात न गेलेली किंवा प्रयोगशाळेतून आलेली डिस्क जोडा आणि पहिलं काम म्हणजे हिशेबाची कॉपी काढा. पूर लागलेल्या यंत्रावर भरवसा ठेवून रोजचं काम सुरू करू नका. राहिलेला क्षार महिन्या-दोन महिन्यांनीही बोर्ड खातो. अशा यंत्राला उरलेलं आयुष्य बोनस समजा.

जे वाचलं नाही ते जाळू नका, ओढ्यात टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. नोंदणी असलेल्या ई-कचरा घेणाऱ्याकडंच द्या. बॅटऱ्या वेगळ्या द्या. हार्ड डिस्क भंगारात देण्याआधी तिचं काय करायचं ते ठरवा, त्यात लोकांच्या आधार आणि बँक खात्यांचे नंबर असतात.

पाणी यायच्या आधी

धरणातून विसर्ग वाढल्याचा मेसेज आला, पाणी इशारा पातळीकडं निघालं की जनावरांबरोबर कॉम्प्युटरचंही बघा. ज्या खोलीत २०१९ ला पाणी आलं होतं, तिथं भिंतीवर त्या पाण्याची खूण करून ठेवा. कॉम्प्युटर, यूपीएस आणि वायरचे बोर्ड त्या खुणेच्या वर घ्या. हलवायला वेळ नसेल तर निदान सीपीयूचा डबा प्लग काढून माळ्यावर चढवा. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवलं तर पावसाच्या गळतीपासून वाचतो, पण पुरात पिशवी धरत नाही, तेव्हा उंचीवरच भरवसा ठेवा.

आणि हिशेबाच्या तीन प्रती ठेवा. एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर, आणि एक गावाबाहेर. गावाबाहेर म्हणजे तालुक्याच्या ऑफिसात, उंचावरच्या वस्तीवर राहणाऱ्या संचालकाच्या घरी किंवा इंटरनेटवर. पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला तर कॉम्प्युटरबरोबर तोही बुडणार. दूध संस्थांनी दर दहा दिवसांनी बिल निघालं की त्याच दिवशी कॉपी काढायची, असा ठराव करून ठेवावा. पाच मिनिटांचं काम आहे. सचिव बदलले तरी ठराव राहतो.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा किंवा संस्थेची मीटिंग असेल तर एक प्रश्न विचारा : आपल्या हिशेबाची कॉपी आत्ता कुठं आहे? उत्तर लगेच मिळालं नाही, तर पावसाची वाट बघू नका.